सासवडच्या तळावरून

सासवड,
ज्येष्ठ वद्य द्वादशी

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

गीता ऐकून अर्जुन शेवटी लढलाच, एवढी माणसं मेली, मग त्याच ग्रंथात तुम्ही शांती कशी शोधता, असं तू फोनवर विचारलंस. निघायच्या गडबडीत मी 'नंतर बोलू' म्हटलं. प्रश्न मात्र आळंदीपासून माझ्यासोबत चालत आला. माउलींच्या पालखीचा सासवडला आज दुसरा दिवस, म्हणजे चालणं नाही. सकाळी सोपानकाकांचं दर्शन झालं, लुगडी धुऊन ट्रकला बांधलेल्या दोरीवर टाकली आहेत आणि पावसानंही उघडीप दिली आहे. आता सावकाश लिहिते.

तुझ्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी मान्य करते. अर्जुन लढला. 'ते युद्ध मनातलं, कौरव म्हणजे आपले विकार' असं सांगून मोकळं होता येतं. गांधीजींनी गीता तशीच वाचली आणि त्या वाचनाबद्दल मला आदर आहे. पण तुझ्या वयाच्या मुलीला तेवढ्यावर गप्प करू नये. महाभारतात प्रेतं खरीच पडतात आणि व्यासांनी ती झाकलेली नाहीत. युद्ध संपतं आणि स्त्रीपर्व येतं. त्यात बायका रणांगणावर आपापल्या माणसांची शरीरं ओळखत फिरतात. मग येतं शांतिपर्व, सबंध महाभारतातलं सगळ्यात मोठं. त्याच्या आरंभी जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणून बसलेला असतो. पुढे तो शरशय्येवरच्या भीष्मांना विचारत राहतो, आता जगायचं कसं, राज्य करायचं कसं. गीतेतून ज्याला 'ऊठ आणि लढ' एवढंच उचलायचं असतं, त्याला ही दोन्ही पर्वं मिटून ठेवावी लागतात.

आणि तशी मिटून ठेवणारी माणसं असतात. गांधीजींच्या सायंप्रार्थनेत दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणं रोज म्हटली जात. त्यांचा खून करणारा फाशी गेला तोही हातात गीता घेऊनच. ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण तुझ्या प्रश्नाचा खरा काटा इथेच आहे. ग्रंथ हातात आहे, पाठ आहे, रोज पारायण चालतं, एवढ्यानं माणूस शांतीच्या बाजूला जाऊन उभा राहतो असं नाही. तो ग्रंथ तुम्ही कुणाच्या संगतीत वाचता, कुठल्या ओळीवर थांबता आणि उठल्यावर तुमचे हातपाय काय करतात, यावर सगळं अवलंबून असतं.

मला गीता संस्कृतातून आली नाही. ज्ञानेश्वरीतून आली, तीही माझ्या आजेसासूबाईंच्या वाचण्यातून. म्हणून मी ज्ञानोबांच्या थांबण्याबद्दल सांगते. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं मोजताना गीता 'अहिंसा' हा शब्द उच्चारते आणि लगेच पुढच्या लक्षणाकडे जाते. ज्ञानोबा तिथं मुक्काम करतात. काळ लक्षात घे. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगून झाली 1290 साली, आणि पुढच्या सहा वर्षांत अल्लाउद्दीन खिलजीची धाड देवगिरीवर येऊन पडली. ज्या घरातल्या आईबापांना समाजानं जगू दिलं नाही, त्या घरातला हा मुलगा. सूड शिकायला त्याच्याकडे कारणं कमी नव्हती.

अहिंसेचं गुणगान करून तो सुरुवात करत नाही. आधी तो घरातलीच झाडाझडती घेतो. पाऊस पडावा म्हणून यज्ञ करता आणि त्यात जीव मारता, ही कसली अहिंसा, असं विचारतो. एक जीव वाचवायला औषध करता आणि त्यासाठी झाडांची मुळं खणता, साली सोलता, त्याचं काय, हेही विचारतो. धर्म आणि वैद्यक या दोन्ही मानाच्या जागा. तिथंच त्यानं बोट ठेवलं. तू ज्याला टीका म्हणतेस ती त्या ग्रंथाच्या आतच आहे, बाहेरून आणायला नको.

मग तो सांगतो, मनात अहिंसा मुरलेला माणूस ओळखायचा कसा. आणि सुरुवात करतो पायांपासून! मला याचं अजून नवल वाटतं. ध्यान नाही, जप नाही, डोळे मिटणं नाही, आधी चालणं. पाण्यातला बगळा लाट न मोडता पाऊल टाकतो, भुंगा केसर चुरगळेल म्हणून कमळावर हलकेच उतरतो, तसा हा माणूस जमिनीवर चालतो. मातीच्या कणाकणात बारीक जीव अडकलेले असतील या जाणिवेनं तो आपली पावलं जणू करुणेत लपवून टाकतो. पायांनंतर बोलणं येतं: अक्षर बाहेर पडण्याआधी माया पाझरली पाहिजे, आणि कुणाचं वर्म काढणं, थट्टा करणं, वाद जिंकायला बोलणं हे त्यात नको. मग नजर: प्राणिमात्रात ब्रह्म आहे, रोखून पाहिलं तर आपली नजर त्याला रुतेल म्हणून तो सहसा रोखून पाहतच नाही. मग हात. मन सगळ्यात शेवटी, कारण मनात जे असतं तेच पायांत, जिभेवर, डोळ्यांत आणि हातांत उतरतं. शांती कुठं राहते असं मला कुणी विचारलं तर मी हाच क्रम सांगेन.

काल एकादशीला आम्ही दिवेघाट चढलो. तुला टीव्हीवर वरून दिसतं ते दृश्य, भगव्या पताका आणि वळणावळणाची पांढरी रेघ. आतून असं काही दिसत नाही. आतून पुढच्या बाईची पाठ दिसते आणि तिच्या टाचा दिसतात. आमच्या दिंडीत पुढे झेंडेकरी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे मृदंग, मागे वीणेकरी आणि त्यांच्या मागे आम्ही बायका, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. माझ्यापुढे परभणीकडची एक बाई होती, अनवाणी. टाचांना भेगा, एका भेगेत काळं मलम भरलेलं. घाटात गर्दी दाटली की मागून रेटा येतो. माझ्या चपलेचं टोक तिच्या टाचेला लागलं तर ती भेग उघडणार हे मला दिसत होतं. म्हणून मी पाऊल आखूड केलं. माझ्या मागचीनं तिचं केलं, तिच्या मागचीनं तिचं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. अभंग चालू होता, टाळ चालू होते, आणि आमच्या रांगेची चाल त्या भेगाळलेल्या टाचांच्या हिशेबानं ठरत गेली. वडकी नाल्यापासून घाटमाथ्यापर्यंत.

एवढीच गोष्ट आहे. पण तेरावा अध्याय मला वाचून जितका कळला नव्हता तितका काल पायांना कळला. घरी पाटावर बसून ती ओवी वाचली की बगळा सुंदर वाटतो, भुंगा सुंदर वाटतो, आणि आपण ग्रंथ मिटून उठतो. चालताना पुढच्या टाचेचं काय करायचं ते दर पावलाला ठरवावं लागतं.

संध्याकाळी तळावर कॉलेजची मुलं वारकऱ्यांचे पाय चेपायला बसली होती. समोर तेलाची वाटी, मांडीवर टॉवेल. ती परभणीची बाई पाय पुढे करेना. परक्या पोरानं पायाला हात लावायचा म्हणून संकोचली होती, शिवाय पाय चिखलानं माखलेले. तो मुलगा काही बोलला नाही. बाटलीतलं पाणी ओतून त्यानं तिचे पाय धुतले, भेगेच्या बाजूनं अंगठा फिरवला, भेगेला धक्का लागू दिला नाही. हातांबद्दल ज्ञानोबांनी हेच लिहिलंय. त्या माणसाचे हात एरवी उचललेच जात नाहीत. उचलले तर पडलेल्याला सावरायला, घाबरलेल्याला धीर द्यायला, दुखऱ्याला हळुवार स्पर्श करायला. त्या मुलानं ज्ञानेश्वरी वाचली असेल की नाही कोण जाणे, आणि मला ते विचारावंसंही वाटलं नाही.

आता लढाईकडे पुन्हा येते, कारण तुझा प्रश्न तिथला आहे. आज आपण जी पालखी पाहतो तिची घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी माउलींच्या पादुका तुकोबांच्या पालखीसोबत जात, आणि तो सोहळा तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केलेला. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. सांगतात ते असं, की गावी परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी पकडून कोंडलं. तिथं त्यांनी हरिपाठ धरला, आणि सुटले ते थेट आळंदीला येऊन माउलींच्या पायाशी राहिले.

म्हणजे या पालखीला आजचं रूप दिलं ते एका लढवय्यानं. त्यानं लष्करातली शिस्तच इकडे आणली, हे तळावर एक दिवस राहिलं तरी कळतं. कूच करायची सूचना कर्ण्यानं होते. दिंड्यांचे क्रमांक आणि जागा ठरलेल्या, रथापुढच्या कुठल्या आणि रथामागच्या कुठल्या तेही ठरलेलं. चोपदार आहेत, तंबू आहेत, घोडे आहेत. घोडे येतात बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून, तिथून आळंदीपर्यंत चालत. त्यातला एक माउलींचा. त्याच्यावर स्वार बसत नाही. रिंगणात तो रिकाम्या पाठीनं धावतो आणि माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. लढाईचा सगळा सरंजाम इथं आहे, नाही ते शस्त्र आणि नाही तो शत्रू. अर्जुनाला आपला रथ दोन सैन्यांच्या मधोमध उभा करावा लागला होता. इथं सैन्य एकच आहे, त्याच्यासमोर कुणी नाही. माणसातली रग, रांगेत चालण्याची हौस, हजारो पाय एका ठेक्यात पडताना अंगावर येणारा काटा, हे काही वाईट नसतं. त्याला कुठं न्यायचं हे कुणीतरी ठरवतं. हैबतबाबांनी ते पंढरपूरला नेलं. मला विचारशील तर गीतेवरचं हे एक भाष्यच आहे, फक्त कागदावर नसलेलं.

तळावरची समाजआरती तू अजून पाहिलेली नाहीस. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलात उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ थांबत नाहीत. सगळीकडे सामसूम आणि एका कोपऱ्यात तेवढे टाळ खणखणत राहतात. मग चोपदार स्वतः चालत त्या दिंडीपाशी जातात आणि म्हणणं ऐकून घेतात. पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, चालीच्या क्रमात कुणी घुसलं, काय असेल ते. सांगून झालं, त्यावर तोड निघाली की ते टाळ थांबतात. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या कधी निघायचं ते सांगितलं जातं, आणि मगच आरती.

तुमच्या पिढीला 'शांत राहा' म्हटलं की राग येतो, आणि तो योग्य आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'तुझी तक्रार आम्हाला ऐकायची नाही' असाच असतो. समाजआरतीत तसं करायची सोय नाही. देवाची आरतीसुद्धा त्या एका दिंडीसाठी थांबलेली असते.

पण वारीचं कौतुक करताना मी एक गोष्ट विसरू देणार नाही. शेकडो वर्षं माणसं हरिपाठ म्हणत पंढरपूरला चालत गेली आणि तिथं पोचल्यावर त्यांच्यातल्याच काहींना दारापाशी थांबावं लागलं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांचे अभंग आत गायले जात होते आणि त्यांच्या जातीची माणसं बाहेर उभी होती. वरवर सगळं शांतच होतं. ती शांतता साने गुरुजींना सोसवली नाही. आधी ते महाराष्ट्रभर सभा घेत हिंडले आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. 10 मेला ते सुटलं, दलितांसाठी मंदिर उघडायचं ठरल्यावर. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं आणि विठोबाच्या दारासाठी एका शिक्षकाला जीव पणाला लावावा लागला, हे आठवलं की माझ्या पोटात अजून तुटतं.

या गुरुजींचा गीतेशी काय संबंध होता ते तुला ठाऊक असायला हवं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. आपल्या कपाटात 'गीता प्रवचने' आहे ती त्यांच्याच हातानं उतरलेली. जो गीता उतरवून घेत होता त्यानंच पुढे दार उघडायला लावलं. आणि विनोबांचं बघ. 1951 साली पोचमपल्लीला भूदानाला आरंभ झाला तेव्हापासून ते गावोगाव पायीच हिंडत होते, भूमिहीनांसाठी जमीन मागत. मिळालेल्या जमिनीतली पुष्कळ खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हेही तितकंच खरं आहे. पण ते कुठं थांबत आणि कुठून परत फिरत हे पाहण्यासारखं आहे. 1953 साली तेव्हाच्या बिहारमध्ये देवघरला दलितांना सोबत घेऊन मंदिरात जाताना त्यांना मारहाण झाली. पुरीला सोबत्यांना प्रवेश नाही म्हटल्यावर ते दर्शन न घेता माघारी गेले. आणि मे 1958 मध्ये पंढरपूरला ते विठ्ठलासमोर उभे राहिले ते मुसलमान आणि ख्रिस्ती सोबत्यांसह. कुराणाचा अभ्यास करायला ते अरबी शिकले होते, त्यातून निवडून त्यांनी 'कुराण-सार' काढलं. एका ग्रंथाशी प्रामाणिक राहायला दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत नाही, हे त्यांनी चालून दाखवलं. आमच्या वारीलाही ते परकं नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंगआरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते.

आमचंही अजून सगळं धड नाही. आम्ही गेल्यावर मागे गावाला काय उरतं ते सासवडच्या माणसांना विचार. पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, नदीकाठची घाण. आता फिरती शौचालयं असतात, मुलं झाडायला येतात, तरी सगळे ऐकत नाहीत. मातीतल्या बारीक जिवांसाठी जपून चालायला सांगणाऱ्या ग्रंथाची पालखी घेऊन चाललेल्यांनी हे करावं याचं मला वाईट वाटतं. आज सकाळी आमच्या दिंडीतल्या दोघींना मी तसं बोलले. त्यांना राग आला. दुपारी पोती घेऊन आल्या आणि आम्ही तिघींनी ट्रकच्या आसपासचं सगळं गोळा केलं.

तू प्रश्न विचारलास तेव्हा तुझी आई मागून म्हणाली, 'आजीला असं विचारतात का?' तिला सांग, विचारतात. ज्ञानोबा एकदा जगाच्या बोलण्यानं दुखावून झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा बाहेरून समजूत घातली ती सगळ्यात धाकट्या मुक्ताबाईंनी. जग आगीसारखं अंगावर आलं तर संतानं पाणी व्हायचं असतं, हे लहान बहिणीनं मोठ्या भावाला ऐकवलं. ते ताटीचे अभंग आम्ही आजही म्हणतो. आपल्याकडे मोठ्यांना ग्रंथाचा अर्थ विचारायची आणि सांगायचीही मुभा धाकट्यांना आहे.

तेव्हा असं कर. तेराव्या अध्यायातला अहिंसेचा भाग वाच, मोठ्यानं वाच. जुनी मराठी अडेल, खाली अर्थ दिलेली प्रत माझ्या उशाच्या कपाटात आहे. नंतर शेवटचं पसायदान पाहा आणि चौथ्या अध्यायात दुष्टांच्या नाशाबद्दल देव काय म्हणतो त्याच्याशेजारी ठेव. ज्ञानोबा दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावो एवढंच मागतात. हा फरक गीतेशी जुळतो की गीतेला बाजूला सारतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझं काय ठरतं ते कागदावर लिहून आण.

आणि लोणंदला ये. तिथून दुसऱ्या दिवशी निघून चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, ते बघ, त्या बिनस्वाराच्या घोड्यासकट. नव्या चपला घालून येऊ नकोस, फोड येतील. रुळलेल्याच आण, पातळ टॉवेल आण आणि बाटलीऐवजी घरातला तांब्या आण. लोणंद ते तरडगाव वाट लांब नाही. चालता चालता बोलू.

तुझी
आजी